फाटकावरची भरती

सोमवार, ३ जुलै १९६१. अकोला

आणखी चौघी गेल्या! मागच्या आठवड्यात आल्या, सुताला हात बसायच्या आत गेल्या. पगारालाही थांबल्या नाहीत.

आगाशे साहेबांनी बोलावून घेतलं. मॅनेजर झाले तरी माणूस पुण्याचा, आवाज चढवत नाहीत — तेच जास्त लागतं. दिवाळीनंतर गिरणीत दुसरी पाळी सुरू करायचं शेटजींनी ठरवलंय. आमच्या वाइंडिंग खात्यात सगळ्या बाया, कांड्यांवरचं सूत मोठ्या रिळांवर गुंडाळतात. तिथे चाळीस नव्या बाया लागणार. "आणि तुमच्याकडे चारसुद्धा टिकत नाहीत, मिस तेलगोटे. दिवाळीपर्यंत बायका उभ्या राहिल्या नाहीत तर दुसरी पाळी रद्द. मग लेडी सुपरवायझर तरी कशाला ठेवायची, असं शेटजी विचारतील."

म्हणजे मीही! मला लागून तीन महिने नाही झाले.

"त्यांना काम करायचंच नसतं," साहेब म्हणाले.

"त्यांना कोणी विचारलं का, साहेब?" — गेलं तोंडातून! वऱ्हाडी तोंड. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"विचारा तुम्ही."

बुधवार, ५ जुलै

विचारून आले. कालपासून घरं शोधत फिरते आहे. आत्या म्हणते, "पयालेल्या बायाईच्या मांगं तू काहून पयतं?"

इंदूबाई जठारपेठेच्या मागच्या अंगाला राहते. खेड्यातून नवीनच आलेली. मला बघून आधी दारच लावायला निघाली. मग पदर तोंडावर धरून सांगितलं, "बाई, तो भोंगा वाजला न, मले वाटलं आग लागली! लेकरू घरी एकटं. म्या पयत सुटली." मग कळलं की ती जेवणाची सुट्टी होती. "मंग समद्या हासतीन म्हनून दुसऱ्या दिवशी आलीच नाई."

दुसरीचं बोट धाग्यानं कापलं होतं, पिकलं होतं. धागा कसा धरायचा हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिसरीनं खाली बघत सांगितलं की पायखाना कुठे आहे हे दिवसभर विचारायची लाज वाटली. दोन दिवस तशीच बसली. तिसऱ्या दिवशी ताप भरला.

काम करायचंच नसतं म्हणे!

शुक्रवार, ७ जुलै

सकाळी फाटकावर उभी राहिले. आमच्याकडे बाया कशा घेतात ते आजवर नुसतं ऐकलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

बाया भिंतीला लागून उभ्या. कोणाच्या हातात वांगी, कोणाच्या हातात अंडी. मग पार्बताबाई येते — आमच्या खात्याची नायकीण, म्हणजे मुकादमीण, गिरणी उभी राहिल्यापासून बायांवर तिचंच राज्य. बोट दाखवत चालते. "तू ये. तू ये. तू नोको." संपली भरती! वांगीवाली आत, रिकाम्या हाताची बाहेर. आत गेल्यावर नवीला मशीनसमोर उभी करते आणि म्हणते, "पाह्य अन् शिक."

मी विचारलं, कशावरून निवडता? म्हणाली, "हात पाह्यला की समजते मले."

हात नाही, हातातलं.

मंगळवार, ११ जुलै

ठरलं. मी स्वतः नवी होऊन बघणार. इथे सगळ्या ओळखतात, म्हणून अमरावतीला. दुर्गा, माझी कॉलेजची मैत्रीण, राजापेठेत राहते. आठवडाभराची रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती. आत्याला खरं सांगितलं. तिनं आपलं जुनं लुगडं काढून दिलं आणि मग हसून हसून खाली बसली. "बी.ए. झालेली पोट्टी मजुरीले चालली! तुया बापाले सांगू नोको."

सोमवार, १७ जुलै. अमरावती

घेतलं मला! तिकडच्या एका गिरणीत — नाव इथेही लिहीत नाही. तिथेही बोटच. "तू, उंच आहे ती, ये." उंचीवर नोकरी लागली.

आणि मग कोणी एक शब्द बोललं नाही. दिवसभर. मशीनचा आवाज एवढा की आपलंच नाव विसरावं. धागा तुटायचा, मी गाठ मारायची, गाठ सुटायची. मागून कोणीतरी ओरडायचं. काय चुकलं ते नाही सांगायचं, नुसतं ओरडायचं. मी शिकलेली, मला भोंगा माहीत, पायखाना कसा शोधायचा माहीत — तरी दुपारी मला रडू आलं. शपथेवर खरं.

मंगळवार, १८ जुलै

बोट कापलं. उद्या जाणार नाही. इंदूबाईनं केलं ते बरोबरच केलं.

बुधवार, १९ जुलै

गेले. दुर्गानं ढकललं म्हणून गेले.

आणि आज पलीकडच्या मशीनवरची हलीमाबी — केस पांढरे, दात थोडे — आपलं काम सोडून माझ्याजवळ आली. माझा हात धरला. "बेटी, धागा बोटावरून नको जाऊ देऊ. नखावरून जाऊ दे." बस्स. एवढंच बोलली आणि गेली. दुपारी तिनं मला आपल्या शेजारी बसवलं, भाकरीचा तुकडा दिला. नाव विचारलं. मी खोटं सांगणार होते, पण खरंच सांगून बसले.

दुपारनंतर माझ्या गाठी टिकल्या. सगळ्या नाही, पण टिकल्या! मला उद्या परत यावंसं वाटलं. काल नाही वाटलं, आज वाटलं. मध्ये काय झालं? एक बाई शेजारी आली.

सापडलं! सापडलं!

सोमवार, २४ जुलै. अकोला

साहेबांपुढे सगळं मांडलं. अमरावतीचंही. ऐकताना त्यांचा चष्मा पुसायचा राहून गेला.

मी मागितलं ते असं. फाटकावर बोट नाही, टेबल पाहिजे. जी येईल तिच्यापुढे तुटका धागा ठेवायचा, एकदा गाठ दाखवायची आणि मग तिची बघायची. जिची जमेल ती घ्यायची — कोणाचीही असो. पहिल्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. आधी गिरणी दाखवायची, भोंगे समजावायचे, पाणी कुठे, पायखाना कुठे, दुखलं खुपलं तर कोणाकडे जायचं. मग पंधरा दिवस एका जुन्या बाईची जोडी. जुनीचं रीळ कमी भरलं तरी तिची मजुरी कमी करायची नाही.

"पंधरा दिवस दोन बायका एका मशीनवर? शेटजींना काय सांगू?"

"बाया पळून जातात तेव्हा ती मशीन रिकामीच फिरते, साहेब. त्याचं शेटजींना काय सांगता?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "एक रांग देतो. सप्टेंबरअखेरपर्यंत. नाही जमलं तर पुन्हा नायकीण."

एक रांग! एक रांग खूप झाली!

मंगळवार, २५ जुलै

पार्बताबाईनं सगळ्या खात्यासमोर झाडलं. "काल आलेली पोट्टी मले बाया निवडाले शिकवते! म्या या खात्यात आली तवा तू पायन्यात होती!" आणि मग, जाता जाता, "आता तुमच्या लोकायचंच राज हाय. कुर्सीवर तुमी, खाली आमी."

जात काढली, तरी उत्तर नाही दिलं. सुचलं नाही म्हणून नव्हे. पुष्कळ सुचली.

सोमवार, ३१ जुलै

फाटकावर टेबल! लिंबाखाली. बायांना आधी वाटलं डॉक्टर आला.

पार्बताबाईनं आणलेल्याही रांगेत होत्या. मी हटकलं नाही. गाठ जमली त्या घेतल्या, नाही जमली त्या परत. एक जण माझ्या आत्याची ओळख सांगत आली. गाठ सुटली. परत. आत्या आता बोलणार नाही माझ्याशी.

सगळ्यांत झकास गाठ आमिनाची. बशीर पिंजाऱ्याची लेक, जन्मच कापसात गेलेला. बोटं अशी चालतात की दिसत नाहीत. पण सगळं डाव्या हातानं!

बुधवार, २ ऑगस्ट

इंदूबाई परत आली! भोंगा वाजला तेव्हा शेजारणीकडे बघून हसली. इतर नव्यांना तीच समजावत होती, "अवं, जेवाचा हाय तो. पयू नोका."

आमिनाचं मात्र अडलं. जुनी शेजारी बसून दाखवते ते सगळं उजव्या हाताचं. आमिनाचं उलटं होतं, धागा गुंततो. जोडीला कोणी बसेना. "डावखुरीसंगं बसलं त आमचं बी रीळ जाईन." आणि पार्बताबाई लांबून बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पाह्यलं? हेच टेबलावर निवडून आनलं!"

आमिना रडत नाही. ओठ दाबून उभी असते. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

पार्बताबाईच्या घरी गेले. तिनं बस म्हटलं नाही. मी बसले.

विचारलं, तुमचं काय बिघडलं यात? म्हणाली, "निवडनं गेलं त माया हातात उरलं काय?"

"शिकवणं. नव्यांची सगळी शिकवणी तुमच्या हाती. जोड्या कोणाच्या कोणाशी, तेही तुम्हीच लावायचं."

"अन् निवडनं?"

"ते नाही."

"मंग जाय तू."

आले. पण दारापर्यंत आल्यावर मागून आवाज आला, "ते डावखुरी. तिले म्या घेते उद्यापासून. तीन दिवसांत पयून नाई गेली त नाव बदलीन माया!"

ही मदत आहे की सूड? सूडच असणार.

शनिवार, ५ ऑगस्ट

पार्बताबाई आमिनाला सकाळपासून रगडते आहे. गाठ मारली की तोडते. मार पुन्हा. तोडते. मार पुन्हा. मला मध्ये पडावंसं वाटलं. शिकवणी तिच्या हाती असा शब्द दिलाय, नाही पडले.

एक केलं फक्त. दोघींची स्टुलं उचलून समोरासमोर ठेवली. आरशात बघावं तसं. आता हिचा उजवा तो तिचा डावा. पार्बताबाईनं माझ्याकडे पाहिलं. धागा उचलला आणि हळू, अगदी हळू गाठ मारून दाखवली. आमिनानं बघून तशीच मारली. पार्बताबाईनं तोडायला ओढली.

तुटली नाही!

गुरुवार, १० ऑगस्ट

तीन दिवस कधीच होऊन गेले. आमिना आहे. मी मुद्दाम विचारलं, "मग नाव काय ठेवायचं तुमचं?"

"गप व!" म्हणाली, पण हसली. पार्बताबाईला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

शनिवार, २६ ऑगस्ट

आज दुसऱ्या खात्याच्या मुकादमाला पार्बताबाई सांगत होती, "हे माई डावखुरी. अशी गाठ अख्ख्या वऱ्हाडात नाई. म्या तयार केली." म्या! मी तिथेच उभी होते. चालेल. खुशाल घे श्रेय, बाई!

शुक्रवार, २९ सप्टेंबर

मुदत संपली. माझ्या रांगेतून एकही गेली नाही. एकही! सूत वाया गेलं सगळ्यांत कमी तेही याच रांगेत. हे मी नाही म्हणत, साहेबांनी स्वतः रिळं पाहून सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, "सगळं खातं घ्या तुमच्या पद्धतीनं."

मी उड्या मारल्या नाहीत. जिन्यापर्यंत नाही मारल्या. जिन्यात मारल्या.

शनिवार, १४ ऑक्टोबर

आज धम्मदीक्षेला पाच वर्षं झाली. आत्या पांढरं लुगडं नेसून वस्तीतल्या बायांबरोबर वंदनेला गेली. मीही गेले. टेबलाला आज सुट्टी.

बुधवार, २५ ऑक्टोबर

रांग रस्त्यापर्यंत! खेड्यांतून बाया येताहेत. कोणी सांगितलं म्हणे, तिथं वांगी लागत नाईत, हात लागते. तरी आज एक जण वांगी घेऊनच आली होती. मी परत दिली. ती एवढी घाबरली की गाठच विसरली. पाणी पाजून पुन्हा बसवली, मग जमली.

आत्या बोलायला लागली आहे. म्हणते, "तुनं माया ओळखीचीले परत पाठवलं, समद्या वस्तीत झालं. आता मले कोनी शिफारसच सांगत नाई. लय बरं झालं!"

सोमवार, १३ नोव्हेंबर

दुसरी पाळी सुरू झाली!

चाळीसच्या चाळीस. पहिल्या पाळीच्या बाया घरी जायला निघाल्या आणि दारातच थांबल्या, बघायला. दिवे लागले. नव्या आपापल्या जोडीदारणीशेजारी उभ्या राहिल्या. आमिना आता जोडीदारीण आहे — तिच्यासमोर कोण, तर आणखी एक डावखुरी! पार्बताबाईनं शोधून लावली ही जोडी. भोंगा झाला. कोणीही दचकलं नाही. मशीन सुरू झाल्या आणि एकही रिकामी फिरत नव्हती.

आगाशे साहेब शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि परत आले. माझ्यासमोर थांबले. "शकुनताई," म्हणाले. मिस तेलगोटे नाही. "छान झालं."

छान काय, साहेब, लयच झालं!

पार्बताबाईनं जाता जाता माझ्या पाठीत धपाटा घातला. अजून दुखतंय. दुखू दे.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

साहेब म्हणाले, माग खात्यातही आता दुसरी पाळी. तिथली भरती पुरुषांची, पण टेबलावर तुम्हीच बसा. तीच पद्धत.

मी लगेच हो म्हटलं नाही. विचारलं, "टेबल सगळ्यांना खुलं?"

"कायद्यानं खुलंच आहे."

"कायद्यानं आधीही होतं, साहेब."

त्यांना माहीत आहे. गिरणीत सगळ्यांना माहीत आहे, लिहिलेलं कुठेच नाही. मागावर कापड विणताना सूत नेणारा लाकडी धोटा असतो. त्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंड लावून ओढून घ्यावा लागतो. एका धोट्याला अनेकांची तोंडं लागतात. आमचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नाही, म्हणून त्या खात्यात आजवर आमचा एकही माणूस घेतलेला नाही. झाडायला, कापसाच्या गाठी उचलायला, सगळीकडे आम्ही — मागावर नाही.

आणि माझ्या पद्धतीत तर जोडी! एक माग, एक धोटा, दोन तोंडं.

"तुम्ही टेबलावर बसणार," साहेब शेवटी म्हणाले. "तुम्ही ठरवा."

सोमवार, २० नोव्हेंबर

माग खात्याची भरती. अंजनगावचा मोतीराम गवई रांगेत तिसरा होता. आमच्यातलाच, नावावरून रांगेत सगळ्यांना कळलं. कुजबुज झाली. त्याचा हात बघितला आणि माझं काम सोपं झालं — पक्का, शांत हात. गाठ ओढून पाहिली, जरा जोरानंच ओढली. टिकली. घेतला.

जोडीला देवराव पराते. जुना विणकर, पिढीजात. खात्यात त्याचा शब्द चालतो. मी स्वतः जाऊन विचारलं. आडून नाही विचारलं, सरळ विचारलं, मोतीराम कोण ते सांगून. तो मागाकडेच बघत होता. "पाहू," एवढंच म्हणाला.

पार्बताबाईला सांगितलं. ती विचारात पडली. मग म्हणाली, "देवराव नाई म्हनाला त समदं खातं नाई म्हनीन. हो म्हनाला त..."

बुधवार, २२ नोव्हेंबर

गिरणी दाखवून झाली. आज मोतीराम मागावर. शेजारचे विणकर काम करत होते, डोळे इकडे.

कांडी संपली. मोतीरामनं धोटा उचलला, नवी कांडी घातली, धोटा ओठाला लावला. धागा अर्ध्यात तुटला. देवरावनं हात पुढे केला. मोतीराम आपल्या सदऱ्याला धोटा पुसायला लागला.

"पुसू नोको," देवराव म्हणाला. धोटा घेतला, ओठाला लावला, एका दमात धागा ओढून दाखवला. "हं. आता तू कर."